दोन दारांची गाडी आणि भवानी पेठ

मोटारींच्या वर्गीकरणात ‘कूपे’ ही संज्ञा ज्या गाडीला लावली जाते तिचे छप्पर चालकाच्या डोक्यावरून मागे जाताना उतरत जाऊन शेपटीला मिळते, तिला बहुधा दोनच दारे असतात आणि मागचे आसन असलेच तर ते लहान मुलांपुरते किंवा पिशव्यांपुरते असते. अमेरिकेतील मोटार अभियंत्यांच्या ‘एसएई’ या संस्थेने यापुढे जाऊन मागच्या प्रवाशांसाठीची आतली जागा ३३ घनफुटांहून कमी असेल तर ती गाडी कूपे समजावी, असा मोजमापाचा निकषच घालून दिला. यावरून या प्रकारच्या गाडीची व्याख्या तिच्या वेगाने होण्याआधी मागे बसणाऱ्याच्या गैरसोयीने होते, हे ध्यानात यावे. तिला ‘स्पोर्ट्स’ हे विशेषण लागते ते हलके वजन, चपळ इंजिन आणि वळणावर फारसे न कलणारे सस्पेन्शन, म्हणजे चाके व सांगाडा यांना जोडणारी स्प्रिंगांची व्यवस्था, या तीन गुणांमुळे. अशी गाडी खिशाला परवडावी आणि रोज वापरता यावी, या दोन अटी जगभरचे ग्राहक घालतात. परंतु त्या अटींचा अर्थ गावागणिक बदलतो. सोलापूरच्या भवानी पेठेत तो गल्लीची रुंदी, गतिरोधकाची उंची, घरातील माणसांची संख्या आणि मे महिन्यातील दुपार यांनी ठरतो. या चारही कसोट्या लावल्यावर जी गाडी उरते ती दिसायला कूपे नसते, पण चालवायला बरीचशी तशी असते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

भारतात स्वस्त कूपे का रुजली नाही, या प्रश्नाचा धागा काही अंशी सोलापूरपर्यंतच येऊन पोहोचतो. १८८२ साली सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी रेल्वेच्या कंत्राटांपासून सुरुवात करून पुढे जहाजे, विमाने आणि मोटारी या तिन्ही क्षेत्रांत पाय रोवण्याचा प्रयत्न केला आणि १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. मुंबईत कुर्ल्याला तिचा कारखाना उभा राहिला. सुरुवातीला तेथे अमेरिकी क्रायस्लर गटाच्या गाड्या जोडल्या जात, नंतर इटलीतील फियाट कंपनीशी करार झाला आणि त्यातून जी ‘फियाट ११००’ आली तीच कालांतराने ‘पद्मिनी’ या नावाने देशभर धावली. १०८९ सीसीचे, सुमारे ४० अश्वशक्तीचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर बसवलेला चार गिअरांचा खटका आणि चार दारे, असे तिचे रूप होते. यांतील अखेरचा तपशील सर्वांत निर्णायक ठरला. परवाना पद्धतीच्या काळात गाडीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे आणि एका गाडीत एक आख्खे कुटुंब, प्रसंगी शेजाऱ्यांसह, बसत असे. तेव्हा मागे बसण्यासाठी पुढचे आसन दुमडून वाकत शिरण्याची कल्पना ग्राहकाला पटणे शक्यच नव्हते.

याचा पुरावा पद्मिनीच्या प्रतिस्पर्ध्याने देऊन ठेवला आहे. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स या कंपनीने १९६१ पासून ‘स्टँडर्ड हेराल्ड’ ही गाडी बनवली. मूळच्या ब्रिटिश ‘ट्रायम्फ हेराल्ड’चे रेखाटन जिओव्हानी मिकेलॉत्ती या इटालियन आरेखकाने केले होते आणि ब्रिटनमध्ये तिची कूपे आवृत्तीही विकली जात होती. भारतात मात्र फियाट आणि अॅम्बॅसडर या दोन्ही चार दारी गाड्यांपुढे दोन दारांची हेराल्ड मागे पडू लागली, तेव्हा साठच्या दशकाच्या उत्तरार्धात कंपनीला केवळ भारतासाठी चार दारांची हेराल्ड तयार करावी लागली. ऐंशीच्या दशकात बंगळूरच्या सिपानी कंपनीने फायबरच्या बॉडीची दोन दारी ‘डॉल्फिन’ आणली आणि तिलाही पुढे ‘माँटाना’ या नावाने चार दारे जोडावी लागली. एकच प्रयोग वीस वर्षांच्या अंतराने दोनदा होऊन दोन्ही वेळा तेच उत्तर मिळाले, तर त्याला ग्राहकाचा हट्ट म्हणण्यापेक्षा निकाल म्हणणे अधिक योग्य होईल.

उदारीकरणानंतर प्रयत्न झाले, पण तेही तुरळक. सॅन मोटर्सची ‘स्टॉर्म’ ही रेनोचे छोटे इंजिन घातलेली दोन आसनी गाडी हौशी मंडळींच्या आठवणीत राहिली, रस्त्यावर फारशी दिसली नाही. दिलीप छाब्रिया यांच्या ‘डीसी’ने २०१२ च्या दिल्ली मोटार प्रदर्शनात मांडलेली ‘अवंती’ देखणी होती, तरी तिची किंमत मध्यमवर्गाच्या आवाक्यापासून फार दूर गेली. टाटांनी २०१७ मध्ये जिनिव्हात दाखवलेली ‘रेसमो’ ही छोटी दोन दारी गाडी विक्रीला आलीच नाही. फोक्सवॅगनने २०१६ च्या अखेरीस तीन दारांची, म्हणजे प्रवाशांसाठी दोनच दारे आणि मागे डिकीचे झाकण असलेली, १९२ अश्वशक्तीची ‘पोलो जीटीआय’ अवघ्या ९९ संख्येत आयात केली आणि २५.९९ लाख रुपयांना विक्रीस ठेवली. पुढे तिची किंमत लाखांनी उतरवावी लागली. एवढ्या मोठ्या देशात शंभर ग्राहकही पहिल्या किमतीला सहज मिळू नयेत, ही बाब पुरेशी बोलकी आहे.

किंमत इतकी का चढते, याचे उत्तर करांच्या रचनेत आहे आणि ही रचना समजून घेतल्याखेरीज ‘परवडणारी’ या विशेषणाला आपल्याकडे काहीच अर्थ उरत नाही. अमेरिकेत सुमारे ३० हजार डॉलरला मिळणारी ‘टोयोटा जीआर ८६’ ही आजच्या जगातील परवडणाऱ्या स्पोर्ट्स कूपेचे नमुनेदार उदाहरण मानली जाते. ती भारतात विकली जात नाही, तरी हिशेबासाठी ती आणली असे समजू. डॉलर ८५ रुपयांचा धरला तर मूळ किंमत साडेपंचवीस लाख होते. ४० हजार डॉलरच्या आतील तयार गाडीवर ७० टक्के आयात शुल्क लागून ती ४३ लाखांपुढे जाते. त्या रकमेवर ४० टक्के वस्तू व सेवा कर चढला की ती ६० लाख ओलांडते. आणि महाराष्ट्रात आयात गाडीवर लागणारा २० टक्के मोटार वाहन कर भरून ती सोलापूरच्या एमएच १३ या क्रमांक मालिकेत येईपर्यंत जहाजाचे भाडे, विमा आणि विक्रेत्याचा नफा न धरताही ७२ लाखांच्या पुढे गेलेली असते. जी गाडी अमेरिकेत नोकरीला लागलेला तरुण हप्त्यावर घेतो, ती येथे कारखानदाराच्या ऐपतीची होऊन बसते.

देशात बनलेल्या गाडीलाही करांच्या रेषा सोडत नाहीत. २००६ च्या अर्थसंकल्पाने चार मीटरांहून कमी लांबी आणि १२०० सीसीपर्यंतचे पेट्रोल इंजिन असलेल्या गाडीला ‘लहान गाडी’ ठरवून सवलत दिली आणि तेव्हापासून भारतीय गाड्यांची शेपटी याच रेषेवर छाटली गेली. २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या दरांनुसार लहान पेट्रोल गाडीवर १८ टक्के आणि तिच्याहून मोठ्या गाडीवर ४० टक्के कर आहे, तर विजेवरच्या गाडीवर, मग तिची ताकद कितीही असो, केवळ ५ टक्के. त्यावर राज्याचा मोटार वाहन कर येतो: पेट्रोल गाडीची किंमत दहा लाखांच्या आत असेल तर ११ टक्के, दहा ते वीस लाखांत १२ आणि त्यापुढे १३. विम्याचीही स्वतंत्र रेषा आहे. अपघातात दुसऱ्याच्या होणाऱ्या नुकसानीसाठी सक्तीने घ्यावा लागणारा तृतीय पक्ष विमा २०२२ च्या दरपत्रकानुसार १००० ते १५०० सीसीच्या गाडीला वर्षाला ३,४१६ रुपये, तर १५०० सीसी ओलांडताच ७,८९७ रुपये आहे. कंपन्या १४९८ किंवा ११९९ सीसी असे आकडे का निवडतात, याचे इंगित अभियांत्रिकीपेक्षा या कोष्टकांत अधिक सापडते.

कराचे गणित मुंबईला आणि सोलापूरला सारखेच लागते. पेठेचे गणित मात्र तिचे स्वतःचे आहे. भवानी पेठ ही शहराच्या पूर्व भागातील वस्ती असून घोंगडे वस्ती, मड्डी वस्ती असे तिचे पोटभाग आहेत आणि तेलंगणातून पिढ्यांपूर्वी आलेल्या तेलुगूभाषक पद्मशाली विणकरांचे यंत्रमाग, विडी वळणाऱ्या स्त्रियांची घरे आणि रूपाभवानीचे मंदिर यांनी या परिसराची घडण झाली आहे. घर आणि माग एकाच भिंतीला टेकलेले, दारात सुताची गाठोडी वाहणारा टेम्पो, समोर दोन-तीन दुचाकी, अशी येथील अनेक गल्ल्यांची रोजची स्थिती असते. दोन दारी गाडीचा पहिला अडथळा येथे तिच्या दाराचाच होतो. चार दारी गाडीत ज्या बाजूला दोन आखूड दारे असतात तेथे कूपेला एकच लांब दार असते आणि ते पुरेसे उघडण्यासाठी बाजूला अधिक मोकळी जागा लागते. भिंतीला लावून उभ्या केलेल्या गाडीतून मागच्या आसनावरील आजीबाईंना बाहेर काढायचे तर आधी गाडी गल्लीच्या मध्यावर आणावी लागेल आणि तेवढ्यात मागच्या टेम्पोचा भोंगा वाजू लागेल.

दुसरा अडथळा गतिरोधकाचा, आणि त्यातील भूमिती सर्वसाधारण समजुतीहून थोडी वेगळी आहे. भारतीय रस्ते काँग्रेस या संस्थेच्या मानकानुसार गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा, म्हणजे त्याची वक्रता सुमारे १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाची होते. पुढच्या व मागच्या चाकांच्या आसांमधील अंतराला, ज्याला व्हीलबेस म्हणतात, २.६ मीटर धरले आणि गाडी बरोबर मध्यावर असली, तर दोन्ही चाकेही उंचवट्यावर चढलेली असल्याने पोटाखाली अवघी ५ सेंटिमीटर जागा पुरते. जमिनीपासून तळाचे अंतर १३ सेंटिमीटर असलेली जीआर ८६ सुद्धा तेथून निर्धास्त जाईल. परंतु वस्त्यांमध्ये अनेकदा आढळणारे गतिरोधक मानकाबरहुकूम नसतात. सिमेंटचा किंवा डांबराचा हातभर रुंद, १५ सेंटिमीटर उंच असा उभा बांध घातला असेल, तर गाडीची दोन्ही चाके सपाट रस्त्यावर आणि बांध पोटाखाली अशी अवस्था येते व तेव्हा पुरे १५ सेंटिमीटर लागतात. म्हणून माहितीपत्रकातील ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीच्या तळाचे जमिनीपासूनचे अंतर, वाचताना ते रिकाम्या गाडीचे आहे की भरलेल्या, हे पाहणे अगत्याचे आहे. फोक्सवॅगन ‘व्हर्टस’चे अंतर रिकामी असताना १७९ मिलिमीटर आणि भार घेतल्यावर १४५ मिलिमीटर दिले जाते; चार माणसे आणि तुळजापूरहून आणलेला प्रसाद एवढ्याने ती बांधाच्या खाली येते आणि चालकाला एकेक चाक तिरके चढवत जावे लागते. चाकांच्या बाबतीतही तोच विवेक हवा. २२५/४० आर १८ मापाच्या टायरची भिंत ९० मिलिमीटर, तर २०५/५५ आर १६ मापाची ११३ मिलिमीटर भरते; पहिली दिसायला रुबाबदार असली तरी जलवाहिनीसाठी खोदून अर्धवट बुजवलेल्या चरात रिम वाकण्याची भीती तिलाच अधिक.

सोलापूरचा उन्हाळा हा तिसरा अडथळा. हवा तापली की विरळ होते. १५ अंशांच्या तुलनेत ४३ अंशांना तिची घनता सुमारे ९ टक्क्यांनी घटते आणि शहर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरांवर असल्याने आणखी ५ टक्के जातात. साधे, म्हणजे स्वतःच्या ओढीने हवा आत घेणारे, इंजिन त्या प्रमाणात अशक्त होते. टर्बोचार्जर हा बाहेर पडणाऱ्या गरम वायूंच्या जोरावर फिरणारा पंखा हवा दाबून आत कोंबतो आणि ही तूट बरीचशी भरून काढतो, तेव्हा येथील ग्राहकाने छोट्या टर्बो इंजिनाला पसंती द्यावी यामागे हौसेपलीकडचे कारण आहे. कूपेच्या छपराचा दोषही उन्हाळ्यातच उघड होतो: मागची काच जितकी आडवी, तितके ऊन थेट मागच्या प्रवाशाच्या मानेवर येते आणि काच हवी तितकी काळी करून घेण्याची मुभा कायदा देत नाही; पुढच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश पार जावा, असा नियम आहे.

इंधनाचा मुद्दा या जिल्ह्यात वेगळ्या अर्थाने घरचा आहे, कारण उसाच्या मळीपासून आणि रसापासून होणारे इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळले जाते आणि साखर कारखान्यांची सर्वाधिक दाटी असलेल्या जिल्ह्यांपैकी सोलापूर एक आहे. २० टक्के इथेनॉल असलेल्या ‘ई २०’ पेट्रोलमध्ये दर लिटरमागे ऊर्जा ६ ते ७ टक्क्यांनी कमी भरते, म्हणून मायलेज थोडे उतरते. उलट इथेनॉलचा ऑक्टेन अंक, म्हणजे दाबाखाली अकाली पेट न घेण्याची क्षमता, जास्त असल्याने टर्बो इंजिनाला ते तत्त्वतः मानवते. अडचण येते ती जुन्या गाड्यांची. एप्रिल २०२३ पासून विकल्या गेलेल्या गाड्यांतील रबरी नळ्या आणि सील ई २० सोसतील असे बनवलेले आहेत. त्याआधीच्या गाड्यांबद्दल तशी खात्री देता येत नाही.

ज्या गुणासाठी स्पोर्ट्स कूपे घ्यायची तो गुण इंजिनात येतो कोठून, याचेही उत्तर सोलापुरात मिळते, आणि येथे थोडे थांबणे उचित होईल. शहरात १९९२ मध्ये सुरू झालेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी अक्कलकोट रस्त्यावरील व चिंचोळीच्या औद्योगिक वसाहतीत कॅमशाफ्ट बनवते आणि जनरल मोटर्स, फोर्ड यांसारख्या जागतिक कंपन्यांना ते पुरवत आली आहे. २०१६ मध्ये तिचे समभाग बाजारात आले. कॅमशाफ्ट म्हणजे अंड्याच्या आकाराचे उंचवटे असलेला दांडा. तो फिरताना प्रत्येक उंचवटा एकेक झडप ठरल्या क्षणी दाबून उघडतो आणि सोडून मिटवतो. उंचवटा अधिक उंच आणि रुंद ठेवला की झडप जास्त वेळ उघडी राहते, इंजिन वरच्या फेऱ्यांवर खुलते पण संथ रहदारीत गुरगुरते व अडखळते; उंचवटा बेताचा ठेवला की कन्ना चौकातील गर्दीत गाडी मऊ चालते आणि महामार्गावर मात्र लवकर दमते. स्पोर्ट्स गाडी आणि रोजची गाडी यांच्यातील सारे भांडण या काही मिलिमीटरच्या लोखंडात साठलेले आहे आणि झडपांची वेळ चालता-चालता बदलणारी आधुनिक यंत्रणा त्यात तडजोड घडवते. यंत्रमागाशी परिचय असलेल्या भवानी पेठेतील वाचकाला ही रचना परकी वाटू नये, कारण साध्या मागावरही वरचा क्रँकशाफ्ट दोन फेरे घेतो तेव्हा खालचा टॅपेटचा शाफ्ट एक फेरा घेतो आणि त्यावरील टॅपेट ताणा वर-खाली करून धोट्याला वाट देतात. चार स्ट्रोकच्या इंजिनातही क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांमागे कॅमशाफ्टचा एकच फेरा असतो. टॅपेट झिजला की काय होते, हे येथील फिटरला मोटारीच्या मेकॅनिकइतकेच ठाऊक असते.

आता प्रत्यक्ष निवडीकडे वळता येईल. बाजारात सध्या ‘कूपे’ म्हणून ज्या गाड्या पुढे केल्या जातात त्या बहुतेक ‘कूपे एसयूव्ही’ आहेत, म्हणजे उंच, चार प्रवासी दारांच्या गाडीला मागे उतरते छप्पर. बीएमडब्ल्यूच्या ‘एक्स ६’ने २००८ मध्ये रूढ केलेली ही कल्पना सिट्रॉएनच्या ‘बसाल्ट’ने आणि रांजणगावात बनणाऱ्या टाटांच्या ‘कर्व्ह’ने २०२४ मध्ये दहा लाखांच्या आसपास आणून ठेवली. कर्व्हचे ग्राउंड क्लिअरन्स २०८ मिलिमीटर आणि डिकी ५०० लिटरची आहे. बसाल्टचे टर्बो इंजिन ११० अश्वशक्तीचे आहे. बांध ओलांडण्यास आणि संसार वाहण्यास दोन्ही उत्तम, परंतु उंच गुरुत्वमध्य आणि वाढलेले वजन यांमुळे स्पोर्ट्स म्हणावे असे त्यांत फारसे काही उरत नाही. कूपेचे दोष घेतले आणि गुण सोडले, असा हा व्यवहार आहे. त्यातल्या त्यात मारुतीची ‘फ्रॉन्क्स’ चार मीटरांच्या आत राहून १८ टक्क्यांच्या करात बसते आणि तिचे १०० अश्वशक्तीचे एक लिटरचे टर्बो इंजिन सुमारे हजार किलोंच्या हलक्या अंगाला चांगले पळवते, एवढी नोंद तिच्या बाजूने करावी लागेल.

विजेवरची महिंद्राची ‘बीई ६’ हा मात्र गंभीर विचाराचा पर्याय आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये १८.९० लाख रुपये या प्रारंभिक किमतीने आलेली, चाकणला बनणारी ही गाडी मागच्या चाकांना ताकद देते, जी स्पोर्ट्स गाडीची जुनी खूण आहे. तिची वरची आवृत्ती २८६ अश्वशक्तीची असून शून्यापासून ताशी १०० किलोमीटरचा वेग ६.७ सेकंदांत गाठते, असा कंपनीचा दावा आहे. वीस-पंचवीस लाखांच्या घरात एवढी चपळ गाडी मिळावी याचे श्रेय ५ टक्के कराला जाते. दीड लिटरच्या पेट्रोल सेडानवर ४० टक्के आणि तिच्या जवळपास दुप्पट ताकदीच्या विजेच्या गाडीवर ५ टक्के, ही धोरणाची विसंगती ग्राहकाच्या पथ्यावर पडणारी आहे. पण बीई ६ ची रुंदी १,९०७ मिलिमीटर आहे आणि आरसे त्यात धरलेले नाहीत. शिवाय स्वतःच्या मालकीची बंदिस्त जागा नसलेल्या घरात रात्री चार्जिंग कोठे लावायचे, हा प्रश्न पेठेत तांत्रिकपेक्षा सामाजिक होतो. गल्लीतून ओढलेली केबल शेजारी फार काळ सहन करणार नाहीत. होटगी रस्त्याला किंवा जुळे सोलापूरला बंगला असणाऱ्याचे उत्तर आणि भवानी पेठेत राहणाऱ्याचे उत्तर येथे वेगळे होते.

मग पेठेसाठी दोनच प्रकार उरतात. पहिला चार मीटरांच्या आतील तापट हॅचबॅकचा. ह्युंदाईच्या ‘आय २० एन लाइन’मध्ये एक लिटरचे १२० अश्वशक्तीचे टर्बो इंजिन, किंचित कडक सस्पेन्शन आणि चार प्रवासी दारे आहेत, टाटांनी जून २०२४ मध्ये आणलेली ‘अल्ट्रॉझ रेसर’ही १२० अश्वशक्तीचीच. रोजचा प्रवास घर, कारखाना, मुलांची शाळा आणि आठवडी बाजार एवढाच असेल तर यापुढे जाण्याचे कारण दिसत नाही. दुसरा प्रकार दीड लिटरच्या टर्बो सेडानचा. चाकणची व्हर्टस आणि तिची सख्खी बहीण स्कोडा ‘स्लाव्हिया’ यांचे १४९८ सीसीचे इंजिन १५० अश्वशक्ती देते. २०२३ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत दोघींना पाच तारे मिळाले. व्हर्टसची रुंदी १,७५२ मिलिमीटर, म्हणजे बीई ६ पेक्षा १५५ मिलिमीटर कमी, आणि डिकी ५२१ लिटरची आहे. ह्युंदाईची ‘व्हर्ना टर्बो’ १६० अश्वशक्तीची असून तिचे छप्परही कूपेसारखे उतरते. सोलापूर ते पुणे हे अडीचशे किलोमीटर किंवा सोलापूर ते हैदराबाद हे तीनशे किलोमीटर ज्याला महिन्यातून दोन-तीनदा कापावे लागतात त्याच्यासाठी या वर्गाला पर्याय नाही. २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेने चौपदरी विभाजित रस्त्यावर ताशी १०० किलोमीटर ही कमाल मर्यादा घातली असल्याने तेथे उपयोगी पडते ते सर्वोच्च वेगाचे सामर्थ्य नव्हे, तर कांद्याचा ट्रक मागे टाकताना ६० वरून १०० वर झटकन पोहोचण्याची ताकद, आणि ती या इंजिनांत भरपूर आहे. गिअरबॉक्सबाबत एक सावधगिरी हवी: व्हर्टसच्या सात गिअरांच्या दुहेरी क्लच पेटीत कोरडे क्लच असतात, म्हणजे त्यांना थंड ठेवायला तेल नसते, आणि उन्हाळ्यात बाळीवेशीच्या कोंडीत इंचाइंचाने सरकताना ते तापतात; ज्याचा बराच वेळ गावातच जातो त्याने हाताच्या गिअरची आवृत्ती शोधावी, पायाला थोडा त्रास पडला तरी.

जुन्या बाजाराचा मोह प्रबळ असतो आणि त्यात एक गाडी आदराने उल्लेखावी अशी आहे. फियाटने ऑक्टोबर २०१५ मध्ये रांजणगावातून काढलेली ‘अबार्थ पुंतो’ ९.९५ लाखांत १४५ अश्वशक्ती आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक देत होती. चालवण्याच्या आनंदाच्या दृष्टीने त्या किमतीत तिला तोड नव्हती. तिचे ग्राउंड क्लिअरन्स मात्र १५५ मिलिमीटर होते आणि फियाटने भारतीय बाजार सोडल्याने सुट्या भागांसाठी शोधाशोध अटळ आहे. २०२२ पर्यंत बनलेल्या पोलो टर्बोला तो प्रश्न तितका भेडसावत नाही. खऱ्या दोन दारी गाड्या, म्हणजे ‘ऑडी टीटी’ किंवा ‘मर्सिडीज एसएलके’, मुंबई-पुण्याच्या वापरलेल्या गाड्यांच्या बाजारात व्हर्टसच्या किमतीला दिसतात, पण त्यांचा विमा १५०० सीसीवरील दराने भरावा लागतो, गाडीला पंधरा वर्षे होताच नोंदणीचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावे लागते आणि दुरुस्तीचा खर्च गाडीच्या आजच्या नव्हे, नव्याच्या किमतीला साजेसा येतो. ज्याच्या घरी दुसरी, चार दारांची गाडी आधीच आहे आणि जो रविवारी पहाटे तुळजापूरच्या घाटापर्यंत जाऊन येण्यासाठीच ती घेणार आहे, त्याने खुशाल घ्यावी. कोजागिरीच्या सुमारास मात्र तो रस्ता पायी चालणाऱ्या भाविकांचा असतो.

खरेदीपूर्वीची चाचणी विक्रेत्याने आखून दिलेल्या गुळगुळीत रस्त्यावर न घेता घरातील चौघांना बसवून, दुपारी, स्वतःच्या गल्लीतून घेतली पाहिजे: दार भिंतीपाशी किती उघडते, भरलेली गाडी रूपाभवानीच्या बाजूचे गतिरोधक न घासता पार करते का, मागच्या आसनावर उंच माणसाचे डोके छपराला टेकते का आणि वातानुकूलन मागेपर्यंत किती वेळात पोहोचते. वापरलेली गाडी असेल तर सोलापूरबाहेरच्या परिवहन कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र, म्हणजे नमुना २८, मालकी हस्तांतराचे नमुने २९ व ३०, आणि कर्ज फिटले असल्यास बोजा उतरवणारा नमुना ३५ हे कागद हाती आल्यावरच पैसे द्यावेत. वाहनाची नोंद आणि विमा ‘वाहन’ या सरकारी संकेतस्थळावर क्रमांक घालून आधी पाहता येतात.